गडग्यावरचं पान

गेल्या लॉन्ग वीकेंडला गावी गेलो होतो, अलिबागजवळ. शनिवारी संध्याकाळी लाइट गेले, लॅपटॉपने मान टाकली, आणि पडवीत बसून आजीशी गप्पा मारण्यावाचून इलाज उरला नाही. आजी आता नव्वदीच्या पुढे आहे. सकाळी काय जेवली ते आठवत नाही, पण १९४० सालातलं सगळं लख्ख.

तिच्या लहानपणी गावाबाहेर, किनाऱ्यालगतच्या केवड्याच्या बनात एक माणूस राहायचा. मोडक्या होडीच्या आडोशाला. त्याला रक्तपिती झाली होती, म्हणजे महारोग, म्हणजे आपण आज ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो. आजीची आई रोज दुपारी केळीच्या पानावर भात वाढून एका गडग्यावर ठेवायची आणि मागे न बघता परत यायची. एका पावसाळ्यानंतर पान तसंच राहायला लागलं. कोणी म्हणालं मेला, कोणी म्हणालं मुंबईला गेला.

मला हे काही स्वस्थ बसू देईना. एखादा बग ट्रेस करावा तसा विचार करत बसलो. १९४० साली रायगडच्या, म्हणजे तेव्हाच्या कोलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावरचा असा माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे?

दक्षिणेला रत्नागिरीत दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलेलं कुष्ठरुग्णालय होतं. पण आमच्या गावाहून मुंबईच जवळ. तिथे १८९० साली माटुंग्याला एक संस्था सुरू झाली होती. तिचं मूळ नाव बघा: होमलेस लेपर असायलम. आधी 'बेघर', मग 'महारोगी'! आज वडाळ्याला महापालिकेचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे ना, ते हेच.

हा अ‍ॅक्वर्थ म्हणजे तेव्हाचा म्युनिसिपल कमिशनर. अजब माणूस. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत याने मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले, नंतर त्यांतल्या निवडकांचं इंग्रजीही केलं. तानाजीच्या पोवाड्यात रमणारा हा गोरा साहेब एकीकडे मुंबईच्या रस्त्यांवरचे महारोगी भिकारी उचलून माटुंग्याला पाठवत होता. तिथे त्यांच्याकडून मैल्याच्या खतपाण्यावर शेती करून घेतली जायची. याला दया म्हणायचं की साफसफाई? मला वाटतं दोन्ही. आणि त्या काळाचा विचार करता दयेचा भाग अगदीच थोडा नव्हता.

पुढे १८९८ मध्ये लेपर्स अ‍ॅक्ट आला. हा कायदा मी मुळातून वाचला (हो, मला असले छंद आहेत). त्यात 'पॉपर लेपर' अशी व्याख्या आहे: ज्याच्या जखमा चिघळायला लागल्या आहेत आणि जो उघड भीक मागतो किंवा ज्याला पोटापाण्याचं साधन दिसत नाही, असा. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर दोन अटी आणि मध्ये 'अँड'. दोन्ही खऱ्या ठरल्या तर पोलिसाने वॉरंटशिवाय पकडायचं, डॉक्टरने तपासायचं, मॅजिस्ट्रेटने असायलममध्ये धाडायचं. रोग तोच, जखमा त्याच, पण घरी खाऊनपिऊन असाल तर अटक नाही. म्हणजे अटक आजाराला नव्हती, आजारी असून घर नसण्याला होती. केंद्र सरकारने हा कायदा रद्द केला तो थेट २०१६ मध्ये!

त्यात एक पळवाटही होती. कुणी मित्र किंवा नातेवाईक लेखी हमी द्यायला तयार असेल, की मी याला नीट सांभाळेन आणि भीक मागू देणार नाही, तर मॅजिस्ट्रेट त्या माणसाला त्याच्या हवाली करू शके. एक सही. बस्स.

ती सही कशी दिसते, याचं एक उदाहरण त्याच सुमाराचं आहे. कागदावरची नव्हे, पण सहीच. दत्तात्रेय परचुरेशास्त्री, संस्कृतचे विद्वान, येरवडा तुरुंगात गांधीजींबरोबर होते. कुष्ठरोग झाला म्हणून तिथे त्यांना वेगळं ठेवलेलं. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला येऊन थांबले. बरं व्हायची आशा नव्हती, कुठेतरी शांतपणे मरता यावं एवढंच मागणं. आश्रमात बायका-मुलं होती, तेव्हा गांधीजींनाही निर्णय सोपा गेला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. शेवटी त्यांनी आश्रमातल्या लोकांना विचारून जवळच झोपडी बांधून घेतली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करू लागले. त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. पण माझ्या लक्षात राहिलंय ते वेगळंच. मरायला आलेले शास्त्रीबुवा आश्रमात संस्कृत शिकवू लागले, एका लग्नात भटजीही झाले. पुढे ते वर्ध्याजवळ मनोहर दिवाणांच्या दत्तपूर कुष्ठधामात गेले आणि १९४५ मध्ये वारले.

हुकलं ते अगदी थोडक्यात. सल्फोन गटाचं पहिलं औषध अमेरिकेत कार्व्हिलला १९४१ मध्ये वापरलं गेलं, आणि दशक संपता संपता डॅप्सोन आलं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि हा रोग पूर्ण बरा होणारा झाला. स्वातंत्र्यानंतर आमच्याच जिल्ह्यात, पनवेलजवळ नेऱ्याला, शांतिवनही उभं राहिलं. केवड्याच्या बनातल्या माणसाला यातलं काहीच मिळालं नाही. माटुंग्याला पोचला असेल तर निदान छप्पर तरी मिळालं असेल.

रविवारी निघताना आजीला सहज विचारलं, "आजी, त्याला आपलं असं कुणीच नव्हतं का गं?"

"नव्हतं कसं? आई ज्या गडग्यावर पान ठेवायची ना, तो त्याच्या भावाच्याच वाडीचा की रे."