खडशी आणि शिवडा

खडशी (टोर खुद्री) व शिवडा (वॉलॅगो अट्टू) : गोदावरी खोऱ्यातले दोन मोठे, चवीने खाल्ले जाणारे नदीमासे. उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीच्या दक्षिणेकडून वाहणारी पैनगंगा याच खोऱ्यातली. तिच्या पात्रात सहस्रकुंडासारखा खडकाळ, फेसाळता टप्पा आहे, तसे संथ, गढूळ डोहही आहेत. पहिल्या प्रकारचे पाणी खडशीचे, दुसऱ्या प्रकारचे शिवड्याचे.

खडशी म्हणजे दख्खनचा महसीर. ‘खडची’ असेही म्हणतात. थोराड माशाचा खवला तळहाताएवढा भरतो. त्याला वाहते, स्वच्छ पाणी व गोट्यांचा तळ लागतो. शेवाळ, पाण्यात पडलेली फळे, किडे, शिंपले असे सारे तो खातो आणि पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालतो. वाटेत बंधारा आला की चढण तिथेच संपते.

या माशाची कागदोपत्री ओळख मात्र पुण्याची. पूर्वी मुंबई सरकारच्या नोकरीत असलेल्या कर्नल विल्यम सायक्स यांनी 1839 मध्ये मुळा-मुठेतल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. पुढे 1970 च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याचे कृत्रिम प्रजनन साधले. लोणावळ्याजवळच्या वळवण येथील टाटा कंपनीच्या केंद्रातून त्याची बोटुकली अनेक राज्यांत गेली. कावेरीत सोडलेली खडशी तिथल्या मूळ कुबड्या महसीरच्या मुळावर आल्याचे संशोधकांचे म्हणणे आहे. तो कुबड्या मासा आज अतिसंकटग्रस्त आहे. खुद्द खडशीला जागतिक लाल यादीने आधी संकटग्रस्त ठरवले, नंतर तिला कमी धोक्याच्या वर्गात टाकले. मात्र तळ्यात सोडलेले मासे वाढले म्हणून नदीतले सुरक्षित झाले, असे होत नाही. नदीतल्या खडशीला कुठे कुठे श्रद्धा राखते : महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाचा मासा म्हणून खडशीला कोणी हात लावत नाही.

शिवडा बिनखवल्यांचा, पट्टीसारखा चपटा. जबडा डोळ्याच्याही मागे उघडतो, वरच्या ओठाच्या मिशा लांब, पोटाखालचा पर शेपटीपर्यंत पसरलेला. दिवसा काठाच्या कपारीत दबा धरून बसायचे आणि रात्री मासे गिळायचे, हा त्याचा शिरस्ता. ब्लॉख व श्नायडर यांनी 1801 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. आज लाल यादीत तो ‘असुरक्षित’ वर्गात आहे. काटे कमी असल्याने गिऱ्हाईक त्याला आवर्जून मागते. मत्स्यशेतीवाल्यांचे मत नेमके उलटे : कटला-रोहूचे बीज सोडण्याआधी ते तळ्यातले शिवडे वेचून काढतात. त्याचे बीज तयार करणेही जिकिरीचे, कारण पिल्ले एकमेकांनाच खातात.

प्रजनन : दोघांचेही पावसाळ्यात.

ढाणकी परिसर : नदीच्या उत्तरेला यवतमाळ, दक्षिणेला नांदेड जिल्हा. काठाला पैनगंगा अभयारण्य. वरच्या अंगाला इसापूर धरण.

ऱ्हासाची कारणे : धरणाने प्रवाह अडतो, त्याचा पहिला फटका खडशीला. शिवड्याची अडचण उन्हाळ्यातली. मोटारपंपांनी डोह उपसला की त्यातले लहानमोठे सगळे मासे एका जाळ्यात येतात. वाळूउपसा दोघांनाही भोवतो : खडशीचा अंडी घालायचा तळ खरवडला जातो, शिवड्याच्या काठच्या कपारी ढासळतात. चढणीचे मासे पहिल्या पुरातच धरण्याची सवयही यात मोजावी लागते, कारण तेव्हा हाती लागणाऱ्या माद्या गाभोळीने भरलेल्या असतात.