ऋतुप्राप्ती आणि प्रौढत्व : संमतिवयाच्या वादातील (१८९१) एक वैद्यकीय प्रश्न

प्रस्तावना :

किशोरवयीन मुलींच्या आरोग्याविषयी परिचारिकांना जे शिक्षण दिले जाते, त्यात एक सूत्र पायाभूत मानले जाते. पहिली पाळी हा तारुण्यागमनाच्या प्रक्रियेतील एक टप्पा होय, त्या प्रक्रियेची समाप्ती नव्हे. स्तनवृद्धीस प्रारंभ झाल्यानंतर साधारणतः दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते. त्यानंतरही उंची काही सेंटिमीटर वाढते. आरंभीच्या एक-दोन वर्षांत अनेक चक्रांमध्ये स्त्रीबीज सुटतच नाही, त्यामुळे पाळी अनियमित असते. श्रोणीची, म्हणजे प्रसूतिमार्गाच्या अस्थिरचनेची, वाढ तर त्याहीपुढे चालू राहते. परिचारिकेने मुलीला व तिच्या आईला समजावून सांगावयाच्या या गोष्टी आज पाठ्यपुस्तकी वाटतात. एकोणिसाव्या शतकातील भारतात मात्र त्या वादाचा विषय होत्या. प्रस्तुत लेखात त्या वादाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

रूढी, भाषा आणि वैद्यक :

मराठीत मुलीला 'न्हाण येते', 'पदर येतो', ती 'शहाणी होते'. हे सर्व शब्दप्रयोग एका दिवसात घडलेल्या स्थित्यंतराचे आहेत. कालच्या अजाण मुलीला आज शहाणी ठरविणारे आहेत. मुलीला मखरात बसवून ओटी भरण्याचा सोहळा आणि त्यानंतरचा गर्भाधान संस्कार यांना या कल्पनेचाच आधार होता. कन्येचा विवाह ऋतुप्राप्तीपूर्वी व्हावा आणि ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान व्हावे, असा स्मृतिवचनांचा रूढ अर्थ लावला जात असे.

आयुर्वेदाची भूमिका मात्र अशी सरळ नव्हती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आर्तवाचा प्रारंभ बाराव्या वर्षापासून सांगितला आहे; पण सोळा वर्षांहून लहान स्त्रीच्या ठायी पंचवीस वर्षांहून लहान पुरुषापासून राहिलेला गर्भ कुशीतच नष्ट होतो, जन्मलाच तर फार काळ जगत नाही किंवा दुर्बल निपजतो, असेही तेथेच म्हटले आहे. ऋतू येणे आणि गर्भधारणेस शरीर योग्य होणे यांत चार वर्षांचे अंतर या ग्रंथाने मानले होते. परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी हे अंतर सोयीस्करपणे दृष्टीआड केले, असे म्हणावे लागते.

डॉक्टरांचे अभिप्राय :

१८७१ मध्ये केशवचंद्र सेन यांनी मुलींच्या विवाहयोग्य वयाबाबत नामवंत डॉक्टरांकडे लेखी विचारणा केली. महेंद्रलाल सरकार यांच्यासह बहुतेकांनी सोळा किंवा त्याच्या आसपासचे वय सुचविले. मुंबईचे डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष. त्यांनी विसाव्या वर्षापर्यंत थांबावे, असे मत दिले. प्रत्यक्षात १८७२ च्या विवाह कायद्यात वधूचे किमान वय चौदा ठरले आणि तेही त्या कायद्याखाली विवाह करणाऱ्या मोजक्या लोकांपुरतेच. तज्ज्ञांचे मत आणि कायदा यांमधील ही तफावत पुढेही कायम राहिली.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या सुमारे अकरा वर्षांच्या विवाहितेचा पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाला. त्या वेळी संमतिवय दहा होते. त्यामुळे पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू होऊ शकला नाही. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. त्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पेची यांनी हिंदू श्रोत्यांपुढे बालविवाहाविरुद्ध व्याख्यान दिले. स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे निवेदन पाठवून आपल्या उपचारास आलेल्या बालपत्नींच्या दुखापतींची उदाहरणे मांडली. ग्रंथवचनांच्या या वादात रुग्णशय्येजवळची साक्ष प्रथमच इतक्या ठळकपणे पुढे आली. तिचे महत्त्व येथे आहे. पडद्याआडच्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे क्वचितच येत. त्यांच्या शरीरावर काय बेतते याचे ज्ञान स्त्री-डॉक्टर, परिचारिका आणि सुइणी यांच्यापाशीच साचलेले होते. यांपैकी सुइणींचा आवाज सरकारदरबारी पोचल्याचे दिसत नाही.

जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवय बारा करणारे विधेयक मांडले. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की, काही मुलींना बाराच्या आतच ऋतू प्राप्त होतो. अशा वेळी कायद्यामुळे गर्भाधान संस्कार लोपेल. ठराविक वयाऐवजी ऋतुप्राप्ती हीच मर्यादा मानावी, असाही पर्याय पुढे आला. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी धर्मशास्त्राच्याच आधारे विधेयकाचे समर्थन केले. लोकमान्य टिळकांची भूमिका विशेष लक्षणीय आहे. मुलींचा विवाह सोळाच्या आत करू नये, असे त्यांनी स्वतःच १८९० मध्ये सुचविले होते. त्यांचा विरोध परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला होता. १९ मार्च १८९१ रोजी विधेयक संमत झाले.

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. बारा ही मर्यादा समर्थकांनी स्वीकारली तीही ऋतुप्राप्तीच्या सर्वसाधारण वयाच्या जवळची होती. दोन्ही पक्षांच्या दृष्टीने निर्णायक खूण एकच राहिली. श्रोणीची वाढ, प्रसूतीचा धोका, शरीराची परिपक्वता हे स्त्री-डॉक्टरांचे मुद्दे दयाबुद्धी जागविण्यापुरते वापरले गेले. वयाचा आकडा त्यांवरून ठरला नाही. आनंदीबाई जोशी यांचा अनुभव तोवर महाराष्ट्रास अपरिचित नव्हता. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी प्रसूती आणि दहा दिवसांत मूल दगावणे यांतूनच त्या वैद्यकाकडे वळल्या होत्या. १८९१ च्या कायद्याने त्यांची ती गर्भावस्था रोखली गेली नसती.

पुढील वाटचाल :

विवाहांतर्गत संमतिवय १९२५ मध्ये तेरा आणि १९४९ मध्ये पंधरा झाले. पत्नीच्या बाबतीत ते अठरा होण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या निकालाची वाट पाहावी लागली. डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या अभिप्रायानंतर एकशे सेहेचाळीस वर्षांनीही कायदा त्यांच्या आकड्याहून दोन वर्षे मागेच होता.

परिचर्येच्या क्षेत्रात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी न आल्यास वा स्तनवृद्धीनंतर तीन वर्षे उलटल्यास तपासणी करावी, सुरुवातीच्या वर्षांत एकवीस ते पंचेचाळीस दिवसांचे चक्र असू शकते, हे परिचारिका सांगू शकते. पण मुलीला घेऊन आलेल्या आजीने 'आता शहाणी झाली हो' असे म्हटले, की तिला आधी त्या शब्दाशीच बोलावे लागते.