गॉफ स्क्वेअरमधील विटांचे घर

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटच्या उत्तरेस अरुंद बोळांचे एक जाळे आहे. त्यातून वाट काढीत गेले असता गॉफ स्क्वेअर नावाचा लहानसा चौक लागतो. त्याच्या एका टोकास सतरा क्रमांकाचे उंच, तांबड्या विटांचे घर उभे आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन याने आपला इंग्रजी शब्दकोश येथे रचला, म्हणून लोक ते पाहावयास जातात. परंतु कोशकारास क्षणभर बाजूस ठेविले तरी त्या भिंतींस स्वतःचा इतिहास आहे.

१६६६ च्या सप्टेंबरात लंडन शहर चार दिवस जळत होते. तेरा हजारांवर घरे भस्मसात झाली. जुन्या घरांचे सांगाडे लाकडी. शिवाय वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे आलेले, की बोळाच्या एका बाजूची ज्वाळा दुसरीस सहज गाठीत असे. १६६७ च्या कायद्याने बाहेरील भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच असाव्यात असे ठरविले. घरांचे चार वर्ग पाडून मजले आणि भिंतींची जाडीही नेमून दिली. पुढे १७०७ त छपराच्या कडेची लाकडी वळचण बंद झाली, आणि १७०९ त खिडकीची चौकट भिंतीच्या दर्शनी बाजूपासून चार इंच आत बसविण्याचा नियम झाला. लंडनच्या जुन्या घरांचा साधेपणा अभिरुचीचे लक्षण म्हणून वाखाणिला जातो. त्यात आगीच्या धास्तीचा वाटा बराच मोठा आहे.

गॉफ नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस हे घर बांधविले. शहरात जागा महाग, म्हणून घर आडवे न पसरता उभे वाढले: खाली तळघर, त्यावर तीन मजले, सर्वांत वर माळा. जिन्याच्या दोहो बाजूंस खोल्या. पहिल्या मजल्यावरील लाकडी फळ्यांच्या भिंती बिजागऱ्यांवर फिरतात. त्या सरकविल्या की खोल्यांचा एकच दिवाणखाना होतो. ही युक्ती फार सोयीची खरी.

जॉन्सन येथे १७४८ पासून १७५९ पर्यंत राहिला. माळ्यावर त्याने पेढीसारखी मांडणी करून सहा लेखनिक बसविले होते. १७५२ त पत्नी वारली. १७५५ त कोश प्रसिद्ध झाला. दाराची जाड साखळी आणि वरच्या झरोक्यातील अणकुचीदार लोखंडी गज अद्याप दिसतात. चोरांस हे पुरे, कर्जास नव्हे. १७५६ त जॉन्सनला कर्जापायी अटक झाली, तेव्हा कादंबरीकार रिचर्डसन याने पैसे धाडून त्यास सोडविले.

जॉन्सनमागे घराची दुर्दशा झाली. कधी तेथे खाणावळवजा हॉटेल होते, कधी छापखाना. १९११ त सेसिल हार्म्सवर्थ यांनी ते विकत घेऊन दुरुस्त केले आणि १९१४ त लोकांस खुले केले. चौकातील मूळची बाकीची घरे एकेक करून नाहीशी झाली. रांगेत उभे राहण्यासाठी बांधलेले हे घर रांगेवाचून उरले.

दुसऱ्या महायुद्धात ते आगीच्या बंबावरील लोकांस विसाव्यासाठी दिले होते. बॉम्बवर्षावात छपराने पेट घेतला तेव्हा त्यांनीच घर वाचविले. माळ्याची लाकडे होरपळली. खालचा जिना आणि फिरत्या फळ्या मात्र जुन्याच आहेत.