पुन्हा जोड लागते तेव्हा

कुकटपल्लीतल्या या व्याख्यानमालेत मुष्टियुद्धाचा विषय पाहून आपल्याला थोडे नवल वाटले असेल. पण आपल्यापैकी अनेक घराण्यांची मुळे मराठवाड्यात, म्हणजे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच असलेल्या पाच जिल्ह्यांत आहेत, आणि जत्रेतल्या कुस्त्यांच्या गोष्टी ऐकत आपण वाढलो आहोत. नारळाच्या कुस्तीने सुरू झालेला फड मानाच्या कुस्तीवर संपे. त्या शेवटच्या कुस्तीत नावाजलेला मल्ल एखाद्या अनोळखी पोराकडून चीत झाला, की परतीच्या वाटेवर दोनच मते ऐकू येत. एक म्हणे, ‘पोराचे नशीब!’ दुसरा म्हणे, ‘पैलवानाचा काळ सरला.’ पुढच्या जत्रेत हीच जोड पुन्हा लागली तर काय होईल, याचे भाकीत या दोन मतांवरच चाले. हेवीवेट मुष्टियुद्धाचा इतिहास पाहिला, तर ही दोन्ही मते अनेकदा फसलेली दिसतात.

१९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग जो लुईसपुढे उभा राहिला. लुईस बावीस वर्षांचा आणि तोवर अजिंक्य. श्मेलिंग तिशीचा, उतरणीला लागलेला. तरीही बाराव्या फेरीत लुईस कोसळला. यात नशिबाचा भाग नव्हता. लुईसच्या लढतींचे चित्रपट पाहताना श्मेलिंगने एक खोड हेरली होती: डाव्या हाताचा ठोसा मारून झाला की लुईसचा तो हात खाली राहतो. त्याच फटीतून श्मेलिंगचा उजवा हात पुनःपुन्हा आत शिरला. लुईसचा काळही सरला नव्हता. वर्षभरानंतर तो जगज्जेता झाला. २२ जून १९३८ रोजी, त्याच मैदानावर सुमारे सत्तर हजार प्रेक्षकांसमोर, त्याने श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवले. या वेळी त्याने सुरुवातीपासूनच तुटून पडून श्मेलिंगला फट शोधायला उसंतच दिली नाही.

यावरून, हरलेला थोर असेल तर फेरलढत तोच जिंकतो, असे आपल्याला वाटेल. उदाहरणेही मिळतील. १९५९ मध्ये स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने फ्लॉइड पॅटरसनला एकाच फेरीत सात वेळा पाडले. पुढच्या वर्षी पॅटरसनने पाचव्या फेरीत त्याला पाडून, हेवीवेटचे गमावलेले जगज्जेतेपद परत मिळवणारा पहिला बॉक्सर होण्याचा मान मिळवला. २००१ मध्ये लेनॉक्स लुईस दक्षिण आफ्रिकेत, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच ठिकाणी, लढतीच्या तोंडावर पोहोचला आणि हसीम रहमानकडून पाचव्या फेरीत हरला. सात महिन्यांनी तो नीट तयारी करून आला आणि चौथ्या फेरीत जिंकला.

मात्र इथेच थांबलो तर आपण जॅक डेम्प्सीच्या चाहत्यांची चूक करू. १९२६ मध्ये जीन टनीने डेम्प्सीला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवले. डेम्प्सी तीन वर्षे जेतेपदासाठी लढला नव्हता. ‘अंगाला गंज चढला होता’, असे म्हणायला जागा होती. गंज झडला की निकाल उलटेल, हे भाकीत त्यातूनच आले. १९२७ च्या शिकागोतील फेरलढतीत सातव्या फेरीत टनी पडलाही. डेम्प्सी ठरलेल्या कोपऱ्यात उशिरा गेल्याने पंचांची मोजणी लांबली, टनी उठला आणि पुन्हा गुणांवर जिंकला. त्या लांबलेल्या मोजणीचा वाद आजही चालतो. पण बाकीच्या फेऱ्यांत टनीच्या पायांनी आणि डाव्या हाताने डेम्प्सीला वरचढ होऊ दिले नाही. तिथे गंजापेक्षा टनीची कला मोठी होती.

एकाच बॉक्सरच्या आयुष्यात हे दोन्ही प्रकार घडलेले आपल्या पिढीने पाहिले. १ जून २०१९ रोजी, ऐनवेळी बदली म्हणून आलेल्या अँडी रुईझने अँथनी जोशुआला सातव्या फेरीत हरवले. ७ डिसेंबरच्या फेरलढतीपूर्वी वजनकाट्याने बरेच सांगितले: जोशुआ सुमारे साडेचार किलोंनी हलका झाला होता, तर रुईझ सात किलोंनी जड. जोशुआ लांबून, सांभाळून लढला आणि गुणांवर जिंकला. सरावात कसूर झाली, हे रुईझने स्वतःच कबूल केले. पुढे २०२१ मध्ये ओलेक्सांद्र उसिकने जोशुआला हरवले. जोशुआने पुन्हा कसून तयारी केली, २०२२ मध्ये तो अधिक चांगला लढला, आणि तरीही हरला. पहिल्या पराभवाचे कारण जोशुआच्या हातात होते. दुसऱ्याचे कारण समोर उभे होते.

आपल्याकडची जुनी कुस्तीही हेच सांगते. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिश्को अडीच तासांहून अधिक झुंजले, पण निकाल लागला नाही. झ्बिश्को बहुतेक वेळ पालथा पडून राहिला. आठवड्याने ठरलेल्या लढतीला तो आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळात पुन्हा जोड लागली, तेव्हा गामा पन्नाशीला टेकला होता. वय आणि जुना निकाल यांवर हिशेब मांडणाऱ्याचे भाकीत साफ चुकले असते. उभ्याने भिडलेल्या झ्बिश्कोला गामाने मिनिटभराच्या आत चीत केले.

भाकिते चुकली तरी जग बुडत नाही. पण ‘नशीब’ या एका शब्दाने श्मेलिंगचा अभ्यास आणि टनीची कला पुसली जाते, आणि ‘काळ सरला’ म्हणताना बावीस वर्षांच्या लुईसला आपण मोडीत काढतो. फडावरून परतणाऱ्या गर्दीत ‘कोण पडला?’ असे सगळेच विचारत. जाणता म्हातारा मात्र विचारी, ‘कसा पडला?’ आपल्यालाही पुढच्या लढतीबद्दल काही बोलायचे असेल, तर आधी त्याच प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे.