‘स्टेरेगुश्ची’ या रशियन विनाशिकेचें अखेरचें वृत्त

एखादी हकीकत समकालीन आहे एवढ्यावरून ती विश्वसनीय ठरते, असा समज आपल्या संशोधकांतहि बराच रूढ आहे. त्याची परीक्षा करण्यास रूस-जपान युद्धांतील एका लहान रशियन विनाशिकेचें प्रकरण फार उपयोगी आहे, म्हणून तें येथें देतों.

प्रथम कालगणनेचा खुलासा करणें जरूर आहे. रशियांत १९१८ पर्यंत ज्यूलियन गणना चालू होती व विसाव्या शतकांत ती तेरा दिवस मागें असे. त्यामुळें पोर्ट आर्थरवरील जपान्यांचा पहिला हल्ला रशियन कागदांत २६ जानेवारी १९०४ चा, तर इतरत्र ८ फेब्रुवारीचा आढळतो. आपल्याकडे शुहूर सन फसली समजून वाचल्यास नऊ वर्षांची चूक पडते, तसाच हा प्रकार. दुसरी गोष्ट नांवाची. रशियन भाषेंत ‘मिना’ हा शब्द पाणसुरुंग व पाणतीर या दोहोंसहि लावीत. यावरून अशा नौकांस ‘मिनोनोसेत्स’ म्हणजे पाणतीरवाहू म्हणत. विनाशिकांचा निराळा वर्ग १९०७ सालीं झाला. तेव्हां १९०४ च्या कागदांत जुनेंच नांव मिळावयाचें.

२६ फेब्रुवारी (नवी गणना १० मार्च) १९०४ रोजीं पहाटे ‘स्टेरेगुश्ची’, म्हणजे राखणदार, व ‘रेशीतेल्नी’ या दोन नौका टेहळणी करून पोर्ट आर्थरकडे परतत असतां चार जपानी विनाशिकांनीं त्यांस गांठलें. ‘रेशीतेल्नी’ निसटली. ‘स्टेरेगुश्ची’ अवघ्या २४० टनांची. तिच्या बाष्पपात्रास इजा होऊन गति खुंटली, नायक सेर्गेयेव्ह पडला, व सुमारें तासभर झुंजून तिच्या तोफा थंडावल्या. सेनापति माकारोव्ह दोन क्रूझर नौका घेऊन साह्यास निघाला, परंतु उशीर झाला होता. ‘साझानामी’ या जपानी नौकेनें तिला दोर लावून ओढून नेण्याचा यत्न केला. दोर तुटला व ती बुडाली. सुमारें पन्नास माणसांपैकीं चौघे जिवंत राहिले, ते कैद झाले.

लवकरच लंडनच्या टाइम्स पत्रानें जपानी हकिकतीचा हवाला देऊन छापलें कीं, दोघां खलाशांनीं तळाच्या दालनांत स्वतःस कोंडून घेतलें व झडपा उघडून नौकेसह जलसमाधि घेतली. रशियन पत्रांनीं ही बातमी उचलली. पुढें इझेनबर्ग या शिल्पकारानें तोच प्रसंग धातूंत ओतला व १९११ सालीं तें स्मारक सेंट पीटर्सबर्ग येथें उभें राहिलें. परंतु तत्पूर्वीं नौदलाच्या इतिहास-खात्यानें केलेल्या चौकशींत या दोघां निनावी वीरांस आधार मिळाला नाहीं. तेव्हां झारानें, स्मारक नौकेच्या वीरोचित नाशाप्रीत्यर्थ समजावें, असें ठरविलें. वांचलेल्यांपैकीं एकानें झडपा आपणच उघडल्याचें मागाहून सांगितलें. पण तें मान्य केलें तरी कोंडून घेऊन बुडालेले दोघे सिद्ध होत नाहींत.

तात्पर्य, बातमी घटनेनंतर थोड्याच दिवसांची असूनहि ती पाहणाराची साक्ष नव्हती. जेधे शकावली १९१६ सालीं प्रसिद्ध झाल्यावर शिवजन्माच्या शकाविषयीं बखरींचा १५४९ व शकावलीचा १५५१ असा भेद दिसला. तेथें एका कोरड्या नोंदीनें रसाळ बखरींस आव्हान दिलें. येथें कथेचा परिणाम अधिक खेदकारक झाला. दोघां कल्पित वीरांमागें सेर्गेयेव्ह व त्याचे खरोखर पडलेले सोबती झांकले गेले. त्यांच्या शौर्यास पदरच्या अलंकाराची मुळींच गरज नव्हती.

एका आशियाई राष्ट्रानें युरोपीय सत्तेस नमविल्यामुळें या युद्धाकडे महाराष्ट्राचें लक्ष लागलें होतें. पूर्वीच्या सातारा जिल्ह्यांतील कडेगांव व आसपासच्या गांवीं जुन्या दप्तरांबरोबर १९०४ सालचे मराठी वृत्तपत्रांचे अंक कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं मार्च-एप्रिलचे अंक अवश्य तपासावे. आणि सदर कथा आढळल्यास अंकाची तारीख, तारेची तारीख व तारेचा मूळ ठाव हीं तिन्हीं टिपून ठेवावीं. कथा कोणत्या मार्गानें आपल्या भाषेंत उतरली, याचा उलगडा त्याविना व्हावयाचा नाहीं.