ह्वासॉंगचे खून आणि ‘मेमरीज ऑफ मर्डर’

ह्वासॉंग हा दक्षिण कोरियाच्या ग्याँगी प्रांतातला, राजधानी सोलच्या दक्षिणेचा भाग. १९८०च्या दशकात तिथे भातखाचरे, विखुरलेली खेडी, तुरळक कारखाने आणि रात्री दिवा नसलेल्या पायवाटा होत्या. सप्टेंबर १९८६ मध्ये तिथल्या थेआन भागात ७१ वर्षांच्या एका वृद्धेचा मृतदेह सापडला. एप्रिल १९९१पर्यंत या परिसरात दहा जणींचे खून झाले. त्यांत शाळकरी मुलीही होत्या. बहुतेकींना त्यांच्याच अंगावरच्या कपड्यांनी बांधलेले होते. तपासावर खर्ची पडलेल्या पोलिसांच्या दिवसांची बेरीज वीस लाखांवर गेली आणि एकवीस हजारांहून अधिक लोकांची चौकशी झाली. खुनी मात्र सापडला नाही.

या अपयशाचे कारण त्या काळाच्या राजवटीत शोधावे लागते. चुन दू-ह्वान यांची लष्करी हुकूमशाही तेव्हा शेवटच्या टप्प्यात होती. पोलिसदलाची बरीचशी ताकद विद्यार्थ्यांचे आणि कामगारांचे मोर्चे मोडण्यात जात होती. कबुलीजबाब मिळवण्यासाठी मारहाण करणे ही तपासाची नेहमीचीच रीत होती. जानेवारी १९८७ मध्ये पाक जाँग-चल हा विद्यार्थी पोलिसांच्या छळात मरण पावला आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले. गुन्ह्याची जागा राखण्याची शिस्त ग्रामीण पोलिसांना नव्हती, आणि डीएनए तपासणीची सोय देशात नसल्याने नमुने जपानला पाठवावे लागले. खुनी ‘बी’ रक्तगटाचा असावा, असा ठाम समज पोलिसांनी करून घेतला होता. तोच समज पुढे महागात पडला.

या प्रकरणावर किम क्वांग-रिम यांनी लिहिलेले ‘मला भेटायला या’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे नाटक १९९६ मध्ये रंगमंचावर आले. त्याच वर्षी कोरियाच्या घटना न्यायालयाने चित्रपटांची पूर्वपरवानगी-सेन्सॉरशिप घटनाबाह्य ठरवली. पोलिसांना पडद्यावर मूर्ख आणि क्रूर दाखवणे आता शक्य झाले. तरुण दिग्दर्शकांची एक पिढी याच सुमारास पुढे आली. किम जी-उन यांच्या ‘द क्वाएट फॅमिली’ने (१९९८) डोंगरातल्या लॉजमध्ये मरत जाणारे पाहुणे आणि त्यांना गुपचूप पुरणारे कुटुंब दाखवून लोकांना हसवले. प्रेताभोवतीचा विनोद कोरियन प्रेक्षकांना रुचतो, हे त्यातून दिसले.

बाँग जून-हो यांचा जन्म १९६९चा. विद्यापीठात ते समाजशास्त्र शिकले. पहिला चित्रपट २००० साली तिकीटबारीवर पडला, तेव्हा त्यांनी किम यांच्या नाटकाचा आधार आणि खऱ्या प्रकरणाची कागदपत्रे घेऊन दुसरा लिहायला घेतला. तोच ‘मेमरीज ऑफ मर्डर’. २००३ मध्ये तो प्रदर्शित झाला. त्याच्या कोरियन नावाचा अर्थ ‘खुनाच्या आठवणी’. पण त्यातला ‘चुऑक’ हा शब्द कोरियन माणूस एरवी गतकाळाच्या गोड आठवणींसाठी वापरतो. शीर्षकातच असा काटा आहे. कोरियात पन्नास लाखांहून अधिक प्रेक्षक त्याला लाभले. सान सेबास्तियान महोत्सवात बाँग यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला.

चित्रपटातला गावचा पोलीस तपासनीस पाक दू-मान साँग कांग-हो यांनी उभा केला. डोळ्यांत पाहिले की गुन्हेगार ओळखता येतो, ही त्याची श्रद्धा. त्याचा वरिष्ठ त्याला ठाण्यात बसलेल्या दोघांकडे बोट दाखवून विचारतो, यातला बलात्कारी कोण आणि पीडितेचा भाऊ कोण? चित्रपट त्याचे उत्तर देत नाही. मोलाचा पाऊलठसा शेतातल्या ट्रॅक्टरखाली चिरडला जातो, अधिकारी बांधावरून घसरून पडतात, बघे आणि पोरे प्रेताभोवती हिंडतात. हे सगळे एकाच लांब दृश्यात, कॅमेरा न थांबता घडते. सोलहून आलेल्या तपासनीस सो थे-युनचे ‘कागद खोटे बोलत नाहीत’ हे तत्त्वही पुढे कोसळते. पाक दू-मानचा सहकारी संशयितांना लाथा घालण्याआधी बुटावर कापडी आवरण चढवतो, म्हणजे वळ उमटू नयेत. सभागृह इथे हसते. पुढे त्याच सहकाऱ्याच्या पायात गंजका खिळा घुसतो आणि पाय कापावा लागतो.

बाँग आपल्या शैलीसाठी ‘पिक्सारी’ असा शब्द वापरतात. बिलियर्डमध्ये काठी निसटली किंवा गाताना आवाज फाटला, तर कोरियन लोक हा शब्द वापरतात. त्यांच्या चित्रपटात विनोद असाच निसटतो आणि त्याच क्षणी माणसाचे दुःख उघडे पडते. मंदबुद्धी मुलाकडून घोकून घेतलेली कबुली वार्ताहरांसमोर गुन्ह्याच्या जागी पुन्हा वठवून घेण्याचा प्रसंग याचे उत्तम उदाहरण. संशयिताला जागेवर नेऊन गुन्ह्याचे नाट्य करायला लावण्याची प्रथा कोरियात खरोखरच आहे. पोलिसांच्या फजितीवर हसणाऱ्या प्रेक्षकाला त्या मुलाचा भेदरलेला चेहरा दिसतो, आणि हसू घशात अडकते. विनोद आणि भीती एकाच वेळी पेलणारा याच्या तोडीचा दुसरा गुन्हेपट सापडणे कठीण आहे.

शेवट २००३ मधला आहे. पोलीस सोडून विक्रेता झालेला पाक पहिला मृतदेह सापडलेल्या भुयारी नाल्याकडे परततो. तिथे एक मुलगी सांगते की, मध्यंतरी आणखी एक माणूस इथे डोकावून गेला, चेहरा साधासुधा होता. पाक सरळ कॅमेऱ्यात पाहतो. खुनी कधीतरी प्रेक्षकांत बसलेला असेल, त्याच्या डोळ्यांना डोळा भिडावा, अशी बाँग यांची इच्छा होती.

प्रत्यक्षात दहाव्या खुनाचा खटला भरण्याची मुदत एप्रिल २००६ मध्ये संपली. तेव्हा खुनासाठी ती पंधरा वर्षांची होती. पुढच्या वर्षी ती पंचवीस करण्यात आली आणि २०१५ मध्ये खुनासाठीची मुदतच रद्द झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये जपून ठेवलेल्या वस्तूंवरच्या डीएनएची जुळणी ली चुन-जे या कैद्याशी झाली. मेहुणीच्या बलात्कार व खुनाबद्दल तो १९९४ पासून अटकेत होता आणि बुसानच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता. त्याने चौदा खून कबूल केले. त्या काळी त्याची चौकशी झाली होती. पण रक्तगट ‘ओ’ असल्याने तो सुटला होता. ह्वासॉंगच्या रहिवाशांच्या मागणीवरून पोलिसांनी २०१९ मध्येच प्रकरणाचे अधिकृत नाव बदलले आणि त्यात गावाऐवजी गुन्हेगाराचे नाव घातले. जिथे भातखाचरे होती तिथे आता दोंगतान हे नवे शहर आणि सॅमसंगचे सेमीकंडक्टर कारखाने उभे आहेत.

कबुलीतली सर्वांत जड गोष्ट आठव्या खुनाची होती. १९८८ मध्ये तेरा वर्षांच्या मुलीला तिच्याच घरात मारण्यात आले होते. त्यासाठी पुढच्या वर्षी २२ वर्षांच्या तरुणाला अटक झाली. लहानपणच्या पोलिओने त्याचा पाय अधू होता, तरी तो भिंत चढून घरात शिरला, असे पोलिसांचे म्हणणे होते. मारहाण करून, झोपू न देता त्याच्याकडून कबुली घेण्यात आली आणि जन्मठेप झाली. सुमारे वीस वर्षांनी, २००९ मध्ये, तो बाहेर आला. नोव्हेंबर २०२० मध्ये सुवॉनच्या न्यायालयात फेरसुनावणीसाठी ली साक्षीला आला. तो खून आपणच केला, असे त्याने सांगितले. बाँग यांचा चित्रपट आपण तुरुंगात पाहिला, पण फक्त चित्रपट म्हणूनच पाहिला, असेही तो म्हणाला. १७ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने त्या तरुणाला, जो आता पन्नाशी ओलांडून गेला होता, निर्दोष ठरवले आणि न्यायाधीशांनी त्याची माफी मागितली.