साठ लक्ष आणि रुपेरी पडदा

नाझींनी सुमारे साठ लक्ष ज्यूंची हत्या केली. ती तीन तासांच्या बोलपटात मावायची कशी? हॉलिवूडने १९५९ साली ॲन फ्रँकची रोजनिशी पडद्यावर आणली. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यांनी १९४५ मध्ये डाखाउची छळछावणी स्वतः चित्रित केली होती; तरी त्यांचा हा चित्रपट छावणीपर्यंत न जाता आशेच्या वाक्यावर संपतो. १९९३ च्या ‘शिंडलर्स लिस्ट’ने छावणी दाखवली, पण कथा निवडली ती वाचलेल्या सुमारे ११०० जणांची. २०२३ च्या ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’मध्ये आउश्वित्झचा संहार भिंतीआडच राहतो, नुसता ऐकू येतो, अन् भिंतीलगत छावणीप्रमुखाचे कुटुंब बागेत रमलेले! वाचलेल्यांची कथा धीर देते, खरे. पण मेलेल्यांचा हिशेब तिने पुरा होत नाही, एवढे ध्यानात ठेवून हे चित्रपट पाहावेत.